कार्बन-१४ च्या ओळीत नायट्रोजन: एका चुकलेल्या उत्तराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हे प्रकरण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या एका वर्गातलं आहे. कोणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. ज्या मुलीच्या उत्तरापासून सगळं सुरू झालं, तिला इथे फक्त 'स' म्हटलं आहे.

अणूची रचना शिकवून झाली होती. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, बाहेर इलेक्ट्रॉन. प्रोटॉनची संख्या म्हणजे अणुअंक, आणि प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून अणुवस्तुमानांक. या व्याख्या मुलं न अडखळता म्हणत होती. पुढचा विषय समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेल्या अणूंचा. त्यासाठी मी नेहमीप्रमाणे कार्बन निवडला होता. निसर्गात कार्बनची तीन समस्थानिकं सापडतात आणि दर पायरीला एकेक न्यूट्रॉन वाढत जातो. कार्बन-१२ मध्ये ६ प्रोटॉन आणि ६ न्यूट्रॉन, कार्बन-१३ मध्ये ६ आणि ७, कार्बन-१४ मध्ये ६ आणि ८. अणू उदासीन असेल तर इलेक्ट्रॉन तिन्हींत ६. निसर्गातला जवळपास ९९ टक्के कार्बन हा कार्बन-१२ असतो, सुमारे १ टक्का कार्बन-१३, आणि कार्बन-१४ तर सुमारे एक लाख कोटी अणूंमागे एखादाच. पहिले दोन स्थिर. तिसरा किरणोत्सारी, अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं.

यातलं काहीही फळ्यावर लिहिण्याआधी मी मुलांना एक कोरा तक्ता दिला. डाव्या बाजूला कार्बन-१२, कार्बन-१३, कार्बन-१४ एवढीच नावं. पुढे तीन रकाने: प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन. आवर्तसारणीचा तक्ता भिंतीवर टांगलेला होताच. व्याख्या येतात म्हणजे तक्ता भरता येईल, असं मी धरून चालले होते.

अडचण

'स'ची पहिली ओळ बरोबर होती: ६, ६, ६. दुसऱ्या ओळीत तिने आधी ६.५ लिहून खोडलं होतं आणि मग ६, ७, ६ असं लिहिलं होतं. तिसऱ्या ओळीत होतं ७, ७, ७.

तक्त्याच्या वर तिने सूत्रही लिहिलं होतं: न्यूट्रॉनची संख्या म्हणजे अणुवस्तुमानांक वजा अणुअंक. चौदातून सात गेले, सात उरले. वजाबाकीत काही खोट नव्हती. बाकीच्या वह्या चाळल्या तेव्हा आणखी काही मुलांच्या तिसऱ्या ओळीत हेच तीन सात दिसले. मुलं वेगवेगळ्या बाकांवरची होती, त्यामुळे एकमेकांचं पाहून लिहिलं असण्याची शक्यता नव्हती.

इथे निर्णयाची पहिली जागा आली. लाल पेन हातात होतं. सातावर काट मारून शेजारी सहा आणि आठ लिहायला क्षणभर पुरला असता. मी तसं केलं नाही, याचं श्रेय माझ्या शहाणपणाला देता येणार नाही. त्या खोडलेल्या ६.५ वर माझी नजर अडकली होती. अर्धा कण कोणाच्या मनात येतो कसा, हे मला कळून घ्यायचं होतं.

मी तिला विचारलं, "हे सात कुठून आणलेस?"

"निम्मे केले, बाई. बाराचे निम्मे सहा, सहा. चौदाचे निम्मे सात, सात."

"आणि तेराचे?"

"अर्धा प्रोटॉन नसतो ना. मग एकाला सहा आणि एकाला सात द्यायला लागले. कोणाला सात द्यायचे ते कळत नव्हतं, म्हणून न्यूट्रॉनला दिले."

म्हणजे दुसऱ्या ओळीतलं बरोबर उत्तर निव्वळ योगायोगाने बरोबर आलं होतं. ही गोष्ट मला तिसऱ्या ओळीतल्या चुकीपेक्षा जास्त गंभीर वाटली. नुसती उत्तरं तपासली असती तर 'स'ला तीनपैकी दोन ओळींचे गुण मिळाले असते, आणि त्या दोन्ही ओळींमागचा विचार चुकीचा होता.

निम्म्याचा नियम आला कुठून, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. मागच्या तासिकांत मी फळ्यावर काढलेले अणू आठवले: हेलियम-४, कार्बन-१२, ऑक्सिजन-१६, निऑन-२०. चारही ठिकाणी प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समसमान. आकृती सुबक येते म्हणून हे अणू मी वर्षानुवर्षं काढत आले. मुलांनी त्यांत जे दिसलं त्यावरून नियम बांधला. नियम मी शिकवला नव्हता, पण उदाहरणांनी शिकवला. हलक्या मूलद्रव्यांतही तो सगळीकडे चालत नाही: लिथियम-७ मध्ये ३ आणि ४, फ्लोरिन-१९ मध्ये ९ आणि १०, सोडियम-२३ मध्ये ११ आणि १२. जड मूलद्रव्यांत तर तो पार मोडतो. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. यातला एकही अणू मी फळ्यावर काढला नव्हता.

आणखी एक गोष्ट वही मिटताना लक्षात आली. ७ प्रोटॉन, ७ न्यूट्रॉन, ७ इलेक्ट्रॉन असा अणू खरोखर आहे. तो नायट्रोजन-१४. हवेत सर्वांत जास्त आढळणारा अणू तोच. आणि कार्बन-१४ चा क्षय झाला की त्याचा बनतो तोही तोच. 'स'ने एका खऱ्या अणूचं अचूक वर्णन केलं होतं, फक्त दुसऱ्याच्या नावापुढे.

कोणते पर्याय होते

पुढची तासिका दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी मी चार मार्ग तोलून पाहिले.

सगळ्यांत सोपा मार्ग सूत्र पुन्हा घोटून घेण्याचा. वेळ कमी लागतो आणि परीक्षेत गुणही मिळतात. पण 'स'च्या वहीत सूत्र होतंच, तेही बरोबर. सूत्राला अणुअंक लागतो आणि तो भिंतीवरच्या तक्त्यातून घ्यायचा असतो. तिने तो निम्म्याच्या नियमातून घेतला होता. सूत्र घोटून ही जागा दुरुस्त झाली नसती.

दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनांच्या मांडणीपासून सुरुवात करण्याचा. कार्बनची मांडणी २, ४, म्हणजे आतल्या कवचात २ आणि बाहेरच्यात ४. तिन्ही समस्थानिकांत तीच, म्हणून रासायनिक वागणूकही जवळपास तीच. हे मुलांना आवडतं, कारण वर्तुळं काढता येतात. माझा आक्षेप असा होता की यातून इलेक्ट्रॉनांवरून मूलद्रव्य ठरतं असा समज बसू शकतो. पुढे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले किंवा मिळवलेले अणू, शिकवताना तोच समज आडवा येतो. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन गेला म्हणजे त्याचा निऑन झाला, असं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत.

तिसरा मार्ग इतिहासाचा. न्यूट्रॉनचा पत्ताही नव्हता तेव्हा, १९१३ मध्ये, फ्रेडरिक सॉडी यांनी समस्थानिकांची कल्पना मांडली. त्याच वर्षी हेन्री मोझली यांनी क्ष-किरणांच्या मोजमापांतून दाखवलं की मूलद्रव्यांचा खरा क्रम वस्तुमानावरून नव्हे, केंद्रकावरच्या प्रभारावरून लागतो. न्यूट्रॉन जेम्स चॅडविक यांना सापडला १९३२ मध्ये. म्हणजे एकाच जागी बसणारे वेगवेगळ्या वजनांचे अणू आधी दिसले, आणि वजनाचं कारण पुढे जवळपास वीस वर्षांनी कळलं. मला हा मार्ग मनापासून आवडतो. पण त्याला दोन तासिका तरी लागल्या असत्या, आणि जी मुलं अजून मोजण्यातच अडखळत होती त्यांच्यासाठी तो फार लांबचा वळसा झाला असता.

चौथा मार्ग मण्यांचा. लाल मणी प्रोटॉन, पांढरे मणी न्यूट्रॉन, बारीक काळे मणी इलेक्ट्रॉन. हाताने अणू रचायचा. याही मार्गाला मर्यादा आहेत. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १,८३६ व्या भागाएवढं असतं, आणि मणी ते प्रमाण दाखवू शकत नाहीत. केंद्रक अणूच्या मानाने किती चिमुकलं असतं हेही त्यांत दिसत नाही. मात्र आम्हाला अडचण मोजणीची होती, आणि मोजणीसाठी मणी उत्तम. मी हा मार्ग घेतला, आणि इतिहासातलं जे लागेल तेवढं जोडायचं ठरवलं.

काय केलं

मुलांचे चार-चारांचे गट केले. प्रत्येक गटाला मण्यांची एक पिशवी, एक उथळ वाटी आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर फक्त नाव: कार्बन-१३ किंवा कार्बन-१४. नियम एकच सांगितला: वाटीत मणी टाकून झाले की ती वाटी भिंतीवरच्या आवर्तसारणीखाली आणायची आणि लाल मणी मोजून योग्य चौकटीखाली ठेवायची. निम्म्याच्या नियमाबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

हा निर्णय मुद्दाम घेतला होता. चूक आधीच दाखवून दिली असती तर मुलांनी ती टाळली असती, पण ती चूक का, हे त्यांना दिसलं नसतं.

कार्बन-१३ चा एक गट पिशवीपाशीच अडला. तेरा मणी निम्मे होईनात. त्यांच्यात वाद झाला आणि त्यातूनच एकाने विचारलं, "पण निम्मे करायला सांगितलंय कोणी?" मी तिकडे गेले नाही.

'स'च्या गटाने कार्बन-१४ साठी सात लाल आणि सात पांढरे मणी टाकले आणि वाटी घेऊन ते भिंतीपाशी आले. लाल मणी मोजले: सात. सातवी चौकट शोधली. वाटी तिथे ठेवायला हात पुढे गेला आणि थांबला. चौकटीत नायट्रोजन होता.

"बाई, आमचा कार्बन इथे बसत नाहीये."

"मग कोण बसतं तिथे?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी नायट्रोजन लिहिला होता?"

पुढचं तिनेच केलं. एक लाल मणी काढला, आता सहा झाले, वाटी सहाव्या चौकटीखाली सरकवली. वाटीत तेराच मणी राहिले होते. चौदा पुरे करायला मणी हवा होता, आणि लाल घालता येत नव्हता, कारण वाटी पुन्हा सातव्या चौकटीकडे गेली असती. तिने पांढरा उचलला. सहा आणि आठ.

त्यानंतर मी फळ्यावर 'समस्थानिक' हा शब्द लिहून तो फोडला. सम स्थान, म्हणजे सारखी जागा. कोणती जागा? मुलांनी भिंतीकडे बोट दाखवलं. सहाव्या चौकटीखाली कार्बनच्या वाट्या गोळा झाल्या होत्या, काहींत तेरा मणी, काहींत चौदा. सॉडी यांना 'आयसोटोप' हा मूळ शब्द डॉक्टर असलेल्या मार्गारेट टॉड यांनी सुचवला होता, आणि ग्रीकमध्ये त्याचाही अर्थ 'तीच जागा' असाच होतो. आपल्या शब्दात तर तो अर्थ उघड्यावर पडलेला आहे. इतकी वर्षं मी त्या शब्दाची व्याख्या पाठ करून घेत आले आणि शब्दाकडे पाहायला कधी सांगितलं नव्हतं, याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसाचा निर्णय

इथे थांबायचं की पुढे जायचं, हा निर्णय मला सर्वांत अवघड गेला. प्रोटॉनची संख्या बदलली की मूलद्रव्य बदलतं, हे मुलांच्या नुकतंच गळी उतरलं होतं. कार्बन-१४ चा नायट्रोजन-१४ होतो हे लगेच सांगितलं तर काही मुलं म्हणणार, मग 'स'चं उत्तर बरोबरच होतं की. पण सांगितलं नाही, तर कार्बन-१४ महत्त्वाचा का, याचं उत्तर अर्धवट राहणार. मी रात्रभराचं अंतर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आधी कार्बन-१४ तयार कसा होतो ते वाटीत केलं. अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन मोकळे होतात. असा एक न्यूट्रॉन नायट्रोजन-१४ च्या केंद्रकात शिरतो आणि एक प्रोटॉन बाहेर पडतो. सात-सातच्या वाटीत एक पांढरा मणी टाकला, एक लाल काढला. सहा लाल, आठ पांढरे. वाटी सातव्या चौकटीवरून सहाव्या चौकटीवर आली.

मग क्षय. कार्बन-१४ च्या केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, आणि त्या घडीला एक इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो नावाचा एक अतिशय हलका, प्रभार नसलेला कण बाहेर फेकले जातात. वाटीतून मणी जात नाही आणि येतही नाही. एक पांढरा मणी लाल होतो, एवढंच. मणी चौदाच राहिले, म्हणून नावापुढचा आकडा चौदाच. लाल सात झाले, म्हणून नाव मात्र नायट्रोजन. वाटी परत सातव्या चौकटीखाली.

अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला. एक मुलगा म्हणाला, "मग प्रोटॉन बदलत नाहीत असं काल का म्हणालात?" मी तसं म्हटलं नव्हतं, पण त्याने तसं ऐकलं होतं, आणि त्याची जबाबदारी माझी होती. आदल्या दिवशी मी 'कार्बनचे प्रोटॉन सहाच' हे इतक्या वेळा म्हटलं होतं की ते कधीच बदलत नाहीत असा त्याचा अर्थ निघाला. आम्ही दोन खाती पाडली. जळणं, गंजणं, विरघळणं, श्वास घेणं यांत अणूंचे फक्त बाहेरचे इलेक्ट्रॉन इकडेतिकडे होतात आणि केंद्रकाला धक्का लागत नाही. म्हणून कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड झाला तरी त्यातला कार्बन कार्बनच राहतो. केंद्रक स्वतः बदललं तर प्रोटॉनची संख्या बदलू शकते, आणि बदलली की त्या क्षणापासून नाव बदलतं. कालचा नियम यातून मोडत नाही, उलट जास्त ठाम होतो.

याहून चांगला प्रश्न 'स'ने विचारला. "बाहेर पडला तो इलेक्ट्रॉन आपल्या सहा काळ्या मण्यांपैकीच का?"

नाही. तो केंद्रकातून येतो आणि त्याच क्षणी जन्मतो. बाहेरचे सहा इलेक्ट्रॉन तसेच असतात. म्हणजे क्षयानंतर काही काळ ७ प्रोटॉन आणि ६ इलेक्ट्रॉन असा धन प्रभार असलेला नायट्रोजनचा आयन असतो. तो आसपासचा एखादा इलेक्ट्रॉन घेतो आणि उदासीन होतो. मुलांनी वाटीभोवतीचे काळे मणी मोजले, सहाच निघाले, आणि सातवा मणी शेजारच्या गटाकडून मागून आणला. हा भाग मी ठरवलेला नव्हता.

लगेच पुढची शंका: केंद्रकातून इलेक्ट्रॉन येतो, तर न्यूट्रॉनच्या पोटात इलेक्ट्रॉन असतो का? इथे मी इतिहास काढला. १९३२ च्या आधी पुष्कळ शास्त्रज्ञ असंच मानत होते की केंद्रकात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र राहतात. त्या हिशेबाने नायट्रोजन-१४ च्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन हवेत, एकूण २१ कण, म्हणजे विषम संख्या. पण १९२९ च्या सुमारास नायट्रोजनच्या वर्णपटाचा अभ्यास झाला तेव्हा त्याचं केंद्रक सम संख्येच्या कणांचं असावं तसं वागताना दिसलं. ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन मिळून १४. कोडं न्यूट्रॉनने सोडवलं. ज्या सात-सातने 'स'चा तक्ता चुकला होता, तेच सात-सात एकेकाळी मोठ्यामोठ्यांच्या अडचणीचं उत्तर होतं. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा. मला ही गोष्ट खरोखर सुंदर वाटते.

कालमापनाबद्दल मी थोडक्यातच बोलले. जिवंत वनस्पती हवेतून कार्बन घेत राहते. ती मेली की घेणं थांबतं आणि आतला कार्बन-१४ कमी होत जातो. सुमारे ५,७३० वर्षांनी तो निम्मा उरतो. मार्टिन केमन आणि सॅम रुबेन यांनी १९४० मध्ये कार्बन-१४ शोधला, आणि त्यावरून वय काढण्याच्या पद्धतीसाठी विलार्ड लिबी यांना १९६० चं नोबेल मिळालं. इथे 'निम्मा' हा शब्द पुन्हा आला तेव्हा मी थांबून स्पष्ट केलं की हे निम्मं अणूंच्या संख्येचं आहे, एका अणूतल्या कणांचं नाही.

परिणाम

दोन आठवड्यांनी मी न सांगता एक छोटी चाचणी घेतली. कार्बन मुद्दाम टाळला. प्रश्न होता: अर्गॉन-४०, पोटॅशियम-४०, कॅल्शियम-४०. आकडा तिन्हींचा सारखा, कण मोजा. निम्म्याच्या नियमाने तिन्हींचं उत्तर २० आणि २० येतं, आणि ते फक्त कॅल्शियमला लागू पडतं. अर्गॉनमध्ये १८ आणि २२, पोटॅशियममध्ये १९ आणि २१.

बहुतेकांनी तिन्ही ओळी बरोबर भरल्या. 'स'ने प्रत्येक नावापुढे आधी चौकटीचा क्रमांक लिहिला होता, त्याभोवती गोल केला होता आणि मगच वजाबाकी केली होती. तिघा मुलांनी मात्र तिन्ही ओळींत २०, २० लिहिलं. त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की मण्यांच्या तासिकेत ते गटात होते, पण त्यांच्या हाताला मणी लागलाच नव्हता. चारांच्या गटात दोघांनी मणी हाताळले आणि दोघांनी पाहिलं. पाहणाऱ्यांपर्यंत ती गोष्ट पोचली नाही.

एक नवी अडचणही वर आली. एका मुलीने स्वतःहून क्लोरीनचं गणित करून आणलं होतं: न्यूट्रॉन १८.४५. भिंतीवरच्या तक्त्यात क्लोरीनच्या चौकटीत ३५.४५ लिहिलेलं होतं आणि तिने त्यातून १७ वजा केले होते. कार्बनच्या चौकटीत १२.०११ होतं. ते जवळजवळ १२ असल्यामुळे कोणाला खटकलं नव्हतं. क्लोरीनने ते उघडं पाडलं. ही संख्या एका अणूची नसून सगळ्या समस्थानिकांची सरासरी आहे, हे मी कधी नीट सांगितलंच नव्हतं. आम्ही शंभर अणू कल्पिले: ९९ कार्बन-१२, एक कार्बन-१३. ९९ गुणिले १२, अधिक १३, भागिले १००. उत्तर १२.०१. तक्त्यातल्या आकड्याच्या इतकं जवळ आलेलं पाहून मुलांनी बाकं वाजवली. कार्बन-१४ इतका विरळ असतो की त्या सरासरीत तो दिसतसुद्धा नाही. १२.०११ वस्तुमानाचा कार्बनचा एकही अणू जगात नाही, हे वाक्य मी फळ्यावर लिहून तसंच राहू दिलं.

हिरा म्हणजे जड कार्बन, म्हणून तो कार्बन-१४ का, असंही एकाने विचारलं. हिरा आणि ग्रॅफाइट ही अपरूपं. फरक अणू एकमेकांना कसे जोडले आहेत त्यात असतो, केंद्रकात नाही. दोघांतही कार्बन-१२ आणि कार्बन-१३ साधारण त्याच प्रमाणात सापडतात. प्रश्न चांगला होता, पण तासिका संपली होती, आणि मी त्याला पुरेसा वेळ दिला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मणी आणण्याचा निर्णय मी पुन्हा घेईन. पण गट चारांचा ठेवणार नाही. दोघांत एक वाटी, आणि दोन वाट्या करायच्या: एक एकाने रचायची, दुसरी दुसऱ्याने.

'कार्बनचे प्रोटॉन सहाच' असं पुन्हा म्हणणार नाही. 'सहा आहेत तोवर तो कार्बन' असं म्हणेन. दोन्ही वाक्यं ऐकायला सारखी, पण दुसऱ्यात क्षयासाठी जागा राहते, आणि दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती टळते.

कोरा तक्ता आधी देण्याबद्दल एका सहकारी शिक्षिकेने शंका काढली. न शिकवता विचारलं तर मुलं चुकीचंच पक्कं करून बसतात, असं तिचं म्हणणं. काही अंशी मला ते पटतं. ज्यांना आपली चूक वाटीत दिसली नाही, त्या तिघांच्या बाबतीत नेमकं तेच झालं असावं. तरीही तक्ता आधी दिला नसता तर खोडलेला ६.५ मला कधी दिसला नसता. मी तक्ता आधीच देईन, पण रकाने वाढवेन. प्रोटॉनच्या आधी एक रकाना: 'आवर्तसारणीतली चौकट कितवी?' आणि शेवटी एक: 'हे कसं ठरवलं?' त्या शेवटच्या रकान्यात 'स'ने 'निम्मे केले' असं लिहिलं असतं आणि वही उघडताक्षणी मला कळलं असतं.

आणि उदाहरणं. पहिल्याच तासिकेत फळ्यावर काय काढतो, हे मी आजवर फार हलक्यात घेतलं होतं. माझ्या टिपणवहीतला तो जुना क्रम मी खोडला आहे. आता पहिला अणू लिथियम-७ असतो, मग फ्लोरिन-१९, मग सोडियम-२३, आणि कार्बन-१२ या सगळ्यांनंतर येतो.